घटक ४ : र. कृ. जोशी – बोरूपासून संगणकापर्यंत

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला,
• र. कृ. जोशी यांच्या जीवनकार्याचा परिचय करून देता येईल.
• देवनागरी लिपी यंत्रावर आणताना कोणत्या अडचणी येतात, हे उदाहरणांसह सांगता येईल.
• ‘वर्णसंकेत’ आणि ‘अक्षराकृती’ यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• भाषेच्या अभ्यासाशी लिपितंत्रज्ञानाचा असलेला संबंध विशद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, या घटकाचा आरंभ आपण दोन शब्दांपासून करू. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’. पहिल्या शब्दाच्या मुळाशी ‘आचार्य’ आहे, दुसऱ्याच्या मुळाशी ‘आचारी’. एक गुरुकुलातला, दुसरा स्वयंपाकघरातला. दोन्ही शब्द सावकाश उच्चारून पाहा. पहिल्या शब्दात ‘चा’ या अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यात तो येत नाही. मराठी लेखनाने हा फरक दाखवण्याची सोय फार पूर्वीपासून केली आहे. पहिल्या शब्दात ‘र’चा रफार होऊन तो ‘य’च्या डोक्यावर बसतो, तर दुसऱ्यात तो ‘य’च्या आधी आडव्या, वळलेल्या रेषेच्या रूपाने येतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन, हा याच जातीचा दुसरा नमुना.

आता कल्पना करा, की तुमच्यासमोर असे एक यंत्र आहे, ज्याला ही आडवी रेषा काढताच येत नाही. त्या यंत्रावर लिहिणाऱ्या माणसाला आचारी आणि आचार्य यांत भेद करता येणार नाही. काही काळाने नव्या वाचकाला असा भेद होता, याचीही आठवण उरणार नाही. यंत्राची मर्यादा ही अशी नकळत भाषेची मर्यादा होऊन बसते. विसाव्या शतकात आधी टंकलेखनयंत्राने आणि नंतर संगणकाने भारतीय लिप्यांपुढे हाच प्रश्न उभा केला. लिपीने यंत्राप्रमाणे वाकायचे, की यंत्राने लिपीप्रमाणे?

यंत्रानेच लिपीचे ऐकले पाहिजे, या बाजूने ज्यांनी आयुष्यभर काम केले, त्यांमध्ये रघुनाथ कृष्ण जोशी यांचे नाव अग्रभागी आहे. मराठी वाचक त्यांना र. कृ. जोशी म्हणून ओळखतो, तर अभिकल्पनेच्या क्षेत्रात ते आर. के. जोशी या नावाने परिचित होते. सुलेखनकार, अक्षररचनाकार, कवी, जाहिरात क्षेत्रातील कलादिग्दर्शक, प्राध्यापक आणि संशोधक अशा अनेक नात्यांनी ते वावरले. ही सारी नाती ‘अक्षर’ या एकाच शब्दाशी येऊन मिळतात. त्यांच्या जीवनाचा परिचय करून घेताना आपण त्या शब्दाचाच अभ्यास करणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ पूर्वपीठिका : खिळ्यांपासून कळांपर्यंत

जोशी यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी त्यांच्यापूर्वीची परिस्थिती थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. हस्तलेखनाच्या काळात मराठीला दोन लिप्यांची सवय होती. पोथ्यांसाठी बाळबोध, म्हणजे देवनागरी, आणि दफ्तरातील जलद लेखनासाठी मोडी. एकोणिसाव्या शतकात मुद्रणकला रुजली, तशी छापील मराठीची लिपी म्हणून देवनागरी स्थिर झाली. तथापि धातूच्या खिळ्यांनी देवनागरी छापणे हे रोमन लिपी छापण्याइतके सोपे नव्हते.

याचे कारण लिपीच्या रचनेत आहे. रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक अशी ओळीने बसतात. देवनागरीत मात्र मूळ अक्षराच्या चारही बाजूंना चिन्हे येतात. उकार खाली, मात्रा वर, काना पुढे आणि पहिली वेलांटी मागे. शिवाय व्यंजने एकमेकांना जोडली जातात, तेव्हा त्यांची रूपे पालटतात. परिणामी देवनागरीच्या एका संचासाठी शेकडो खिळे लागत आणि जुळाऱ्याला अनेक खणांच्या पेट्यांपुढे उभे राहून एकेक खिळा वेचावा लागे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांनी हे कष्ट सोसून जे सुबक टाइप घडवले, त्यांनी संस्कृत व मराठी ग्रंथांच्या छपाईचा आदर्श निर्माण केला. खिळ्यांची संख्या कमी करण्याचे प्रयत्नही सतत होत राहिले. लोकमान्य टिळकांनी या प्रश्नात लक्ष घातले होते, ही गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवावी. भाषेची काळजी वाहणाऱ्या माणसाला तिच्या छपाईचीही काळजी वाहावी लागते.

पुढे टंकलेखनयंत्र आले. त्यावर कळा मोजक्याच होत्या. साहजिकच अनेक जोडाक्षरे गळाली आणि त्यांच्या जागी पायमोडकी अक्षरे आली. लिपीच सोपी करावी, वेलांटीची जागा बदलावी, अशा सूचना वेळोवेळी पुढे आल्या. थोडक्यात, यंत्र बदलत नसेल तर लिपी बदला, असा विचार बळावत होता. अशा काळात जोशी यांची घडण झाली.

४.२.२ जडणघडण आणि जाहिरातीचे क्षेत्र (१९३६ ते १९८३)

रघुनाथ कृष्ण जोशी यांचा जन्म १९३६ साली झाला. मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेतून त्यांनी १९५६ मध्ये पदविका घेतली, तेव्हा ते विशीत होते. त्यानंतर काही वर्षे त्यांनी डी. जे. किमर या जाहिरातसंस्थेत चित्रकार म्हणून काम केले. १९६१ पासून ते ‘उल्का’ या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ तेथे राहिले.

जाहिरातीच्या व्यवसायाने त्यांना काय दिले असेल, याचा विचार करा. जाहिरात चालता चालता वाचली जाते. वाचकाजवळ वेळ नसतो आणि अक्षराला त्याचे लक्ष एका क्षणात वेधून घ्यावे लागते. म्हणजे अक्षराचे रूप हेही अर्थाचे वाहन असते. तोच शब्द जाड ठसठशीत अक्षरांत एक भाव सांगतो, तर बारीक वळणदार अक्षरांत दुसरा. त्या काळी बहुसंख्य मोठ्या जाहिराती आधी इंग्रजीत कल्पिल्या जात आणि मग भारतीय भाषांत उतरवल्या जात. रोमन अक्षरांसाठी आखलेल्या जागेत देवनागरी बसवताना तिच्या वरच्या मात्रांची आणि खालच्या उकारांची ओढाताण होई. रोमन लिपीसाठी निवडीला असंख्य टंक उपलब्ध होते, पण भारतीय लिप्यांसाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. या दारिद्र्याची जाणीव जोशी यांना रोजच्या कामातून झाली.

यावर त्यांनी शोधलेला मार्ग आरंभी हाताचाच होता. बोरू, कुंचला, लाकडाची पट्टी, जे साधन हाती येईल त्याने ते अक्षरे काढीत. तिरक्या कापलेल्या बोरूने लिहिताना देवनागरीच्या रेषेला आपोआप जाड-बारीकपणा येतो. अक्षराचे सौंदर्य वरून चिकटवलेले नसून ते साधन, हात आणि लिपी यांच्या मेळातून उमलते, हे त्यांच्या सुलेखनातून दिसून येते. त्यांनी मराठीत कविता लिहिली. शब्दांची पानावरील मांडणी हाच जिच्या आशयाचा भाग असतो, अशा दृश्यकवितेकडे त्यांचा ओढा होता. लोकांसमोर, समूहाने सुलेखन करण्याचे प्रयोगही त्यांनी केले. उच्चाराची लय आणि रेषेची लय यांचे नाते तपासणे, हा अशा प्रयोगांचा गाभा होता. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत सांगायचे तर ध्वनी आणि लेखिम यांच्या संबंधाचा तो एका कलावंताने घेतलेला शोध होता.

४.२.३ अध्यापक जोशी (१९८३ ते १९९६)

१९८३ साली जोशी यांनी जाहिरातीचे स्थिरावलेले क्षेत्र सोडले आणि पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक अभिकल्पन केंद्रात ते अध्यापन करू लागले. तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी या वयाकडे लक्ष द्यावे. तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, संसार सांभाळून, पुष्कळ वर्षांच्या खंडानंतर पुन्हा पुस्तक हाती घेत आहेत. ज्या वयात बहुतेक माणसे मिळवलेले टिकवण्याचा विचार करतात, त्या वयात जोशी यांनी एका सर्वस्वी नव्या विषयाला हात घातला. तो विषय होता संगणक.

त्या काळचा संगणक भारतीय लिप्यांना जवळजवळ परका होता. त्याची घडण इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांवर झालेली होती. एक कळ, एक संकेत, एक आकृती आणि ओळीतील एक जागा, असा त्याचा सरळ हिशेब होता. देवनागरी या हिशेबात बसत नव्हती. मात्र देशात यावर काम सुरू झाले होते. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचे काम पुढे पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे सी-डॅकमध्ये, वाढले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली तयार झाली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने तिला मानकाचे रूप दिले. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णव्यवस्था मूलतः एकच आहे, हे भाषाशास्त्रीय सत्य ‘इस्की’च्या मुळाशी होते. त्यामुळे देवनागरीतील ‘क’, बंगालीतील ‘क’ आणि तेलुगूतील ‘क’ यांना एकच संकेत देता आला.

जोशी यांचे लक्ष या प्रश्नाच्या दुसऱ्या अंगाकडे होते. संकेत ठरला, पण पडद्यावर उमटणारी आकृती कोणी ठरवायची? ती ठरवण्यासाठी लिपी जाणणारा कलावंत आणि आज्ञावली लिहिणारा संगणकतज्ज्ञ यांनी एकत्र बसणे आवश्यक होते. जोशी यांनी ही बैठक घडवली. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातील संगणकतज्ज्ञांसमवेत त्यांनी अक्षररचनेच्या साधनांवर काम केले. ‘विन्यास’ ही अक्षररचनेची प्रणाली याच सहकार्याचे फळ होय. सर्व भारतीय भाषा लिहिता याव्यात अशी ‘देशनागरी’ नावाची एक सामाईक लिपीही त्यांनी रचली. ती व्यवहारात रूढ झाली नाही. लिपी ही केवळ सोय नसून ती एका समाजाच्या ओळखीचा भाग असते, आणि ती ओळख कोणीही सहजासहजी सोडत नाही, हे त्यामागचे कारण तुम्ही समाजभाषाविज्ञानाच्या अभ्यासावरून ताडू शकाल. परंतु या प्रयत्नामुळे सर्व भारतीय लिप्यांचा समान सांगाडा त्यांच्या हाताखालून गेला. पुढच्या कामात तो उपयोगी पडावा, असाच होता.

४.२.४ संकेत आणि आकृती : एक आवश्यक विवेचन

येथे आपण चरित्राचा धागा थोडा वेळ बाजूला ठेवू. पुढचा भाग समजण्यासाठी एक संकल्पना स्पष्ट असायला हवी.

‘किती’ हा शब्द घ्या. उच्चारात आधी ‘क्’ येतो, मग ‘इ’. लिहिताना मात्र पहिली वेलांटी ‘क’च्या आधी काढली जाते. संगणकाने हा शब्द साठवताना कोणता क्रम पाळावा, उच्चाराचा की दिसण्याचा? दिसण्याचा क्रम पाळला, तर शब्दकोशातील वर्णानुक्रम बिघडतो आणि शोध घेणे अवघड होते. उच्चाराचा क्रम पाळला, तर पडद्यावर वेलांटी उचलून मागे नेण्याचे काम संगणकाला करावे लागते. ‘मूर्ती’ या शब्दात याच्या उलट घडते. ‘र्’ उच्चारात ‘त’च्या आधी आहे, पण त्याचा रफार ‘ती’ हे संपूर्ण अक्षर पूर्ण झाल्यावर त्याच्या डोक्यावर चढतो. तसेच ‘र’ हा एकच वर्ण ‘राम’, ‘प्रश्न’, ‘ट्रक’, ‘मूर्ती’ आणि ‘दऱ्या’ या पाच शब्दांत पाच वेगळी रूपे धारण करतो.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करणे भाग पडले. संगणकाच्या स्मृतीत साठवला जातो तो वर्णसंकेत. पडद्यावर किंवा कागदावर उमटते ती अक्षराकृती. रूपिम आणि रूपिका यांचा संबंध तुम्ही मागे अभ्यासला आहे. एक रूपिम संदर्भानुसार वेगवेगळ्या रूपिकांनी प्रकट होतो, तसाच एक वर्णसंकेत परिसरानुसार वेगवेगळ्या आकृतींनी प्रकट होतो. कोणत्या परिसरात कोणती आकृती यावी, याचे नियम लिहून काढणे म्हणजे एका अर्थाने लिपीचे व्याकरण लिहिणे होय.

१९९१ मध्ये ‘युनिकोड’ या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती आली. तीत देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या आधारे झाली आणि उच्चाराचा क्रम स्वीकारला गेला. परंतु निव्वळ संकेत असून भागत नव्हते. नियम पाळणारे टंक नव्हते, तोवर छपाई आणि कार्यालयीन कामकाज जुन्याच पद्धतीने चालले होते. या जुन्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. प्रत्येक टंकाची मांडणी निराळी. एका संगणकावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला, की त्या टंकाच्या अभावी निरर्थक रोमन चिन्हांचा ढीग समोर येई. तुमच्यापैकी जे कार्यालयांत वा छापखान्यांत काम करतात, त्यांनी हा अनुभव निश्चित घेतला असेल. अशा रीतीने लिहिलेले मराठी हे संगणकाच्या दृष्टीने मराठी नव्हतेच. ते मराठीसारखे दिसणारे चित्र होते. त्यात शब्द शोधता येत नव्हता, अनुक्रम लावता येत नव्हता आणि तो टंक नाहीसा झाला, की मजकूरही नाहीसा होत होता.

४.२.५ निवृत्तीनंतरचे पर्व (१९९६ ते २००८)

१९९६ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, जोशी अध्यापनातून निवृत्त झाले. ज्या कामामुळे त्यांची अक्षरे घरोघरी पोहोचली, ते काम यानंतरचे आहे. राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात अभ्यागत अभिकल्पनतज्ज्ञ म्हणून ते काम करू लागले. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली.

याच सुमारास टंकाच्या पोटातच रूपबदलाचे नियम साठवण्याची सोय असलेले ‘ओपनटाइप’ हे तंत्र पुढे आले होते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीसाठी भारतीय लिप्यांचे टंक तयार करण्याचे काम जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. २००० साली आलेल्या विंडोजमध्ये देवनागरीसाठी ‘मंगल’ आणि तमिळसाठी ‘लता’ हे टंक होते. त्यानंतरच्या आवृत्तीत गुजरातीसाठी ‘श्रुती’, गुरुमुखीसाठी ‘रावी’, कन्नडसाठी ‘तुंगा’ आणि तेलुगूसाठी ‘गौतमी’ हे टंक आले. पुढे बंगालीसाठी ‘वृंदा’ आणि मल्याळमसाठी ‘कार्तिका’ यांची भर पडली. या नावांकडे पाहा. त्यांत ‘रावी’, ‘तुंगा’, ‘गौतमी’ या नद्या आहेत. गौतमी म्हणजे गोदावरीच.

‘मंगल’ हा जोशी यांच्या हातून उतरलेला सर्वांत देखणा देवनागरी नमुना नव्हे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. सुलेखनात त्यांच्या रेषेला जो मोकळेपणा होता, तो ‘मंगल’मध्ये शोधणाऱ्याची निराशा होईल. पण या टंकाची कामगिरी वेगळी होती. त्या काळचे पडदे खरखरीत होते. दहा-पंधरा ठिपक्यांच्या उंचीत शिरोरेषा, अक्षराचे अंग, वरची मात्रा, अनुस्वार आणि खालचा उकार असे सारे बसवायचे होते, आणि ‘ध’चा ‘घ’ किंवा ‘भ’चा ‘म’ वाटू द्यायचा नव्हता. वळणांचा विलास येथे परवडणारा नव्हता. आयुष्यभर अक्षराच्या सौंदर्याची उपासना केलेल्या माणसाने साठीनंतर साध्या, सरळ, वाचनीय अक्षराचे व्रत घेतले. हा संयम हीदेखील कलावंताची कसोटीच आहे. संगणकाबरोबर आपोआप मिळणारा एक देवनागरी टंक उपलब्ध झाला, त्यामुळे मराठी मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर न बिघडता जाऊ लागला. मराठीतील संकेतस्थळे, विपत्रे आणि शोधयंत्रांतून होणारा मराठी शब्दांचा शोध या सर्वांना त्याने आधार दिला. ‘रघु’ या नावाचा एक मुक्तस्रोत देवनागरी टंकही त्यांच्या नावावर आहे.

याच काळात त्यांनी एका अधिक मूलगामी प्रश्नाला हात घातला. युनिकोडमधील ‘क’ या संकेतात ‘अ’ हा स्वर गृहीत धरलेला असतो. नुसता ‘क्’ हवा असेल, तर हलन्त चिन्ह जोडून तो स्वर काढून टाकावा लागतो. पाणिनीय परंपरेपासून आधुनिक ध्वनिविचारापर्यंत सर्वत्र ‘क्’ हे मूळ व्यंजन आणि ‘क’ हे व्यंजन व स्वर मिळून झालेले अक्षर मानले जाते. म्हणजे संगणकाने मूळ घटकाला साधित आणि साधिताला मूळ ठरवले होते. २००३ साली जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिसंकेतांवर आधारित पर्यायी मांडणी सुचवली. शुद्ध व्यंजन आणि स्वर यांना स्वतंत्र संकेत द्यावेत आणि त्यांतून अक्षर सिद्ध व्हावे, असा तिचा आशय होता. भाषेवरील प्रक्रियेच्या दृष्टीने ही मांडणी अधिक तर्कशुद्ध आहे. ती जागतिक मानक झाली नाही. एकदा जगभर रूढ झालेले संकेत बदलणे हे जुनी सारी लेखनसामग्री धोक्यात घालण्यासारखे असते, आणि युनिकोडचे धोरण दिलेला संकेत न बदलण्याचे आहे. तरीही संगणकाला भाषा शिकवताना आरंभ लिपीपासून करावा की ध्वनीपासून, हा त्यांनी पुढे आणलेला प्रश्न आजही भाषावैज्ञानिकांच्या विचारात आहे.

वैदिक संहितांच्या लेखनातील स्वरचिन्हे संगणकावर आणण्याच्या कामातही त्यांचा सहभाग होता. उदात्त, अनुदात्त आणि स्वरित यांच्या खुणा वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळ्या रीतीने केल्या जातात. त्या नोंदवता आल्या नाहीत, तर मौखिक परंपरेचा एक महत्त्वाचा भाग संगणकीय लेखनाबाहेर राहिला असता. युनिकोडमध्ये वैदिक चिन्हांचा विस्तारित संच २००९ साली समाविष्ट झाला. तो पाहण्यास जोशी नव्हते. फेब्रुवारी २००८ मध्ये, अमेरिकेत असताना, वयाच्या बाहत्तरीच्या आसपास त्यांचे निधन झाले.

४.२.६ मूल्यमापन

जोशी यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, हे कार्य एकट्याचे नाही. संकेतप्रणाली घडवणारे, आज्ञावली लिहिणारे, टंक रेखणारे तरुण सहकारी अशा अनेकांच्या हातांनी भारतीय लिप्या संगणकावर आल्या. जोशी यांचे वैशिष्ट्य हे, की ते कला, भाषा आणि तंत्र या तीन क्षेत्रांमधला दुवा झाले.

दुसरी, त्यांनी परंपरा आणि यंत्र यांना परस्परविरोधी मानले नाही. बोरूने शिकवलेली रेषा त्यांनी ठिपक्यांच्या जाळ्यात उतरवली. लिपीचे नियम बदलण्याऐवजी ते नियम यंत्राला समजतील अशा भाषेत लिहिले. लिपी सुधारणेच्या नावाखाली वेलांटीची जागा बदलण्याची आवश्यकता आज कोणाला वाटत नाही, याचे श्रेय या पिढीच्या कामाला आहे.

तिसरी, प्रश्न संपलेले नाहीत. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हे हिंदी वळणाहून वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे निश्चित केली. तरीही अनेक टंकांत हिंदी वळणेच प्रथम समोर येतात. मुले पडद्यावर जे पाहतील, तेच गिरवतील. एका पिढीने वापरले नाही, तर ते वळण पुढच्या पिढीला परके होईल. लिपीचे रक्षण ही म्हणूनच एकदाच उरकण्याची गोष्ट नव्हे.

४.३ सारांश

र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी उपयोजित कलेचे शिक्षण घेतले, जाहिरात क्षेत्रात दोन दशकांहून अधिक काळ काम केले, १९८३ ते १९९६ या काळात पवई येथे अध्यापन केले आणि निवृत्तीनंतर आठ भारतीय लिप्यांसाठी संगणकीय टंक घडवण्याच्या कामाला मार्गदर्शन केले. देवनागरीतील चिन्हांची जागा आणि वर्णांचे रूपबदल यांमुळे तिच्या संगणकीकरणात अडचणी होत्या. वर्णसंकेत आणि अक्षराकृती यांची फारकत करून आणि रूपबदलाचे नियम टंकात समाविष्ट करून त्या दूर करण्यात आल्या. त्यांनी सुचवलेली प्रत्येक गोष्ट रूढ झाली नाही. ‘देशनागरी’ आणि ध्वनिसंकेतांची मांडणी ही त्याची उदाहरणे. परंतु लिपीची रचना समजून घेतल्याशिवाय तिचे तंत्रज्ञान घडवता येत नाही, हा विचार त्यांच्या कार्याने दृढ केला.

विद्यार्थी मित्रहो, यापुढे भ्रमणध्वनीवर ‘आचाऱ्याला’ असा शब्द लिहाल आणि ती छोटी आडवी रेषा योग्य जागी उमटेल, तेव्हा क्षणभर थांबा. ती रेषा तेथे आपोआप आलेली नाही. ती गळू नये, असे कोणाला तरी वाटले होते.

४.४ पारिभाषिक शब्द

अक्षराकृती : वर्णाचे पडद्यावर वा कागदावर उमटणारे प्रत्यक्ष रूप.
वर्णसंकेत : वर्ण संगणकात साठवण्यासाठी नेमून दिलेला क्रमांक.
टंक : एकाच घडणीच्या अक्षराकृतींचा आणि त्यांच्या नियमांचा संच.
सुलेखन : लेखणी वा कुंचल्याने केलेले कलात्मक हस्तलेखन.
जुळारी : छापखान्यात खिळे जुळवणारा कारागीर.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. जोशी यांनी कोणत्या संस्थेतून पदविका घेतली?
२. ‘इस्की’ला मानकाचे रूप कोणत्या वर्षी मिळाले?
३. कन्नड लिपीसाठी तयार झालेल्या टंकाचे नाव काय?

आ) थोडक्यात टिपा लिहा.
१. ‘र’ या वर्णाची देवनागरीतील विविध रूपे
२. जुन्या टंकांतील मजकुराच्या अडचणी
३. ध्वनिसंकेतांवर आधारित मांडणी

इ) सविस्तर उत्तर लिहा.
१. यंत्राची मर्यादा ही भाषेची मर्यादा होऊ शकते, या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. कला, भाषा आणि तंत्र यांमधील दुवा या दृष्टीने र. कृ. जोशी यांच्या कार्याचे मूल्यमापन करा.

४.६ क्षेत्रीय कार्य

तुमच्या परिसरातील दहा फलक पाहा. त्यांपैकी हाताने रंगवलेले किती आणि संगणकावर तयार केलेले किती, याची नोंद करा. दोन्ही प्रकारच्या फलकांवरील ‘ल’, ‘श’, ‘क्ष’ आणि ‘ऱ्य’ यांची वळणे वहीत उतरवून घ्या व त्यांतील फरकांविषयी दोन पाने टिपण लिहा. जवळपास एखादा जुना फलक रंगवणारा कारागीर असल्यास, तो अक्षराची सुरुवात शिरोरेषेपासून करतो की अक्षराच्या अंगापासून, हे त्याला अवश्य विचारा.